क्रूझ बुक करताना आधी वेळापत्रक वाचा, भाडं नंतर

क्रूझच्या जाहिरातीत दोनच गोष्टी मोठ्या दिसतात: जहाजाचा फोटो आणि ‘अमुकपासून पुढे’ असं भाडं. सुट्टी कशी जाणार हे ठरवणारी माहिती आत एका लहानशा तक्त्यात असते. कोणत्या दिवशी कोणतं बंदर, जहाज धक्क्याला किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार, एवढाच तो तक्ता. बुकिंगची सुरुवात तिथून करावी. सारख्याच भाड्याच्या दोन सहलींत एक महाग पडते आणि दुसरी स्वस्त, ती बहुतेक वेळा या तक्त्यामुळेच.

समजा एका बंदरापुढे ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ लिहिलं आहे. हे दहा तास सगळे तुमचे नसतात. जहाज धक्क्याला बांधल्यावर बंदराचे अधिकारी मंजुरी देतात आणि मग लोक उतरायला लागतात. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा तास ते तासभर आधीची असते. म्हणजे हाती उरले साडेआठ तास. ‘दुपारी १ ते ६’ असेल तर जेमतेम साडेतीन. एवढ्या वेळात बंदराजवळचा बाजार आणि एखादा किल्ला बघून होतो, त्यापलीकडे काही ठरवू नये.

त्यात अंतराचा प्रश्न येतो. तक्त्यात प्रसिद्ध शहराचं नाव असतं, पण जहाज त्या शहरात लागेलच असं नाही. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून ७० किलोमीटरहून लांब. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकच्या किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, जिथून बर्लिनला जायलाच तीन तासांच्या आसपास लागतात. ‘बँकॉक’ लिहिलेलं असताना बरीच जहाजं लाएम चाबांगला लागतात, शहरापासून रस्त्याने सुमारे दोन तासांवर. व्हेनिसच्या बाबतीत तर २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरापुढच्या जुदेक्का कालव्यात बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ नावाखाली विकलेल्या कित्येक सहली राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून निघतात. तक्त्यात कंसात लिहिलेलं बंदराचं नाव नकाशावर शोधा आणि जाण्यायेण्याचे तास मघाच्या साडेआठांतून वजा करा. उरेल तो तुमचा खरा वेळ.

तक्त्यात काही ठिकाणी ‘टेंडर’ असं लिहिलेलं किंवा नांगराचं चिन्ह असतं. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या होड्यांनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. होडीसाठी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते. जहाजामार्फत बंदरातली सहल-फेरी घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना थांबावं लागतं. ग्रीसमधलं सँटोरिनी बेट हे याचं ठळक उदाहरण. होडीतून उतरल्यावर कड्यावरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. एकाच वेळी तीन-चार जहाजं असली की परतीच्या केबल कारची रांग तासाभराची होते. अशा ठिकाणी परतीला शेवटच्या होडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या निदान दीड तास आधी रांगेत लागा. शिवाय समुद्र खवळलेला असेल तर टेंडरचं बंदर सगळ्यात आधी रद्द होतं, कारण उसळत्या होडीत माणसं उतरवणं धोक्याचं असतं. जिच्यासाठी जायचंय ती जागा टेंडरची असेल तर हे धरूनच बुकिंग करा.

त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं असणार हेही आधी कळतं. बहुतेक मोठी बंदरं जहाजांचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी जाहीर करतात. लहान गावात एका दिवशी चार मोठी जहाजं आणि दुसऱ्या दिवशी एकच, असा फरक असतो. तारीख दोन दिवसांनी बदलून सहल कितीतरी शांत होते.

हंगामाचं थोडक्यात सांगायचं तर भूमध्य समुद्रात एप्रिल ते ऑक्टोबर, त्यातही मे आणि सप्टेंबरचा शेवट उत्तम. अलास्का आणि नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाड्या) मे ते सप्टेंबर. आखाती देश नोव्हेंबर ते मार्च. कॅरिबियनमध्ये वर्षभर जहाजं असतात, पण अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात जहाज वादळात सापडण्यापेक्षा मार्ग बदलण्याची शक्यता जास्त असते. कंपनीला बंदर वगळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार करारातच दिलेला असतो, आणि वगळलेल्या बंदराचे सहसा फक्त कर आणि शुल्कच परत मिळतात.

एक प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वसंतात आणि शरदात जहाजं एका समुद्रातला हंगाम संपवून दुसऱ्या समुद्राकडे निघतात, त्या एकमार्गी सफरी. दिवसाच्या हिशोबाने त्या स्वस्त पडतात. अटलांटिक ओलांडताना सहा-सात दिवस सलग पाणीच पाणी. ज्यांना वाचायचं आहे, झोपायचं आहे, समुद्र बघत बसायचं आहे त्यांना याहून चांगली सुट्टी मिळायची नाही. लहान मुलं बरोबर असतील किंवा ही पहिलीच वेळ असेल तर मात्र नको. पहिल्या वेळी तीन-चार रात्रींची फार छोटी सफरही टाळावी, कारण जहाज ओळखीचं होईपर्यंत ती संपलेली असते. पाच ते सात रात्री, त्यात समुद्रावरचे एक-दोन दिवस, हे बरं पडतं.

जहाज किती गजबजलेलं असेल

जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसतं, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दर माणशी जागा कळते. ३० च्या खाली आलं तर गर्दी जाणवते, ४० च्या वर ऐसपैस. पण प्रवाशांची संख्या दोन प्रकारे सांगतात, एका केबिनमध्ये दोघं धरून आणि सगळे पलंग भरलेले धरून. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज सुमारे २,४८,६६३ आहे. दोघांच्या हिशोबाने ५,६१० प्रवासी धरले तर आकडा ४४ येतो, पूर्ण भरल्यावर ७,६०० धरले तर ३३ च्या खाली जातो. जहाज तेच, फक्त शाळांच्या सुट्ट्यांत तिसरे-चौथे पलंग भरतात. मुलांची सक्ती नसेल तर शाळा सुरू असतानाचे आठवडे निवडा.

केबिनचा क्रमांक

इथे घाई करू नये. केबिनचे चार ढोबळ प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि ‘सूट’ म्हणजे मोठी, ऐसपैस केबिन. पण प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची, आणि जागा कळते ती डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या, नकाशावरून. तो प्रत्येक जहाजाचा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.

नियम सोपा आहे: वरच्या डेकवर केबिन, खालच्या डेकवरही केबिन, अशी मधली केबिन घ्यावी. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली असाल तर पहाटे डेक धुण्याचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. नाट्यगृहाच्या किंवा डान्स फ्लोअरच्या वर असाल तर मध्यरात्रीपर्यंत जमीन थरथरते. स्वयंपाकघराखाली ट्रॉल्यांचा खडखडाट असतो. नकाशावर नाव न लिहिलेला पांढरा किंवा राखाडी तुकडा दिसला तर तो बहुधा नोकरवर्गाचा कामाचा भाग समजावा, त्याच्या शेजारची केबिन टाळावी. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा आवाज येतो, आणि धक्क्याला लागताना आडवे ढकलणारे थ्रस्टर सुरू झाले की पहाटेच जाग येते. दोन केबिनना जोडणारं मधलं दार असेल तर शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. कुटुंबाला दोन केबिन हव्या असतील तर तेच दार उपयोगाचं, एरवी नको.

समुद्र लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यावर आणि जितकं खाली मिळेल तितकं खाली. जहाज पुढेमागे डोलतं ते मध्याच्या आसपास, त्यामुळे टोकांना सगळ्यात जास्त वरखाली होतं. डावे-उजवे हेलकावे कमी करायला जहाजाच्या बाजूंना पंख असतात, पण पुढेमागे होणारं डोलणं त्यांनी थांबत नाही. उंचावरची बाल्कनी महाग असते आणि हलतेही जास्त.

बाल्कनीसाठी जादा पैसे द्यावेत का? फ्योर्ड, हिमनद्या, समुद्रावरचे लांब दिवस असतील तर जरूर द्यावेत. सात दिवसांत सहा बंदरं असतील तर तुम्ही खोलीत फक्त झोपायला येणार, तेव्हा आतली केबिन पुरते. आतल्या केबिनमध्ये सकाळ झालेली कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याची वाहिनी असते, ती रात्री आवाज बंद करून लावून ठेवली की उजाडलेलं खोलीत दिसतं. खिडकीच्या स्वस्त केबिनपुढे बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते. वर्णनात ‘अडथळा असलेलं दृश्य’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहून जातं.

‘गॅरंटी’ नावाचं भाडंही असतं. त्यात प्रकार तुम्ही निवडता, केबिन कंपनी देते. भाडं कमी पडतं, पण वर सांगितलेल्यातली कोणतीही जागा पदरी पडू शकते. गाढ झोप लागणाऱ्याने घ्यावं, हलकी झोप असलेल्याने घेऊ नये.

भाड्याच्या बाहेरचा खर्च

छापलेलं भाडं एका माणसाचं असतं आणि केबिनमध्ये दोघं आहेत असं धरलेलं असतं. एकट्याने गेलात तर दुपटीपर्यंत जाऊ शकतं. त्यावर बंदरांचे कर. मग दर माणशी दर दिवशी टिपची रक्कम, जी बहुतेक कंपन्या आपोआप खोलीच्या खात्यावर टाकतात आणि लहान मुलांनाही लावतात. मग इंटरनेट, पेयं, खास उपाहारगृहं, बंदरांतल्या फेऱ्या. हे सगळं एका कागदावर मांडून मग दोन सहलींची तुलना करा. बऱ्याचदा ‘महाग’ वाटणाऱ्या कंपनीने टिप आणि इंटरनेट भाड्यातच धरलेलं असतं.

मुख्य भोजनगृह, बुफे, साधा चहा-कॉफी, पाणी, नाटकं-गाणी, तलाव, व्यायामशाळा आणि बहुतेक ठिकाणी मुलांचा क्लब हे भाड्यातच असतं. खास उपाहारगृहात एक पैसाही न घालता आठवडा छान जातो.

मद्याच्या पॅकेजचा हिशोब करूनच ते घ्या. पॅकेज सगळ्या दिवसांसाठी घ्यावं लागतं आणि बहुतेक कंपन्यांत एकाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. पॅकेजच्या रोजच्या दराला एका ग्लासच्या किमतीने भागा (ग्लासवरचं १८ ते २० टक्के सेवाशुल्कही धरा). जो आकडा येईल तेवढे ग्लास रोज, बंदरात बाहेर असण्याच्या दिवशीसुद्धा, होणार आहेत का? नसतील तर सुटं घेतलेलंच स्वस्त. पॅकेज घ्यायचंच असेल तर घरून निघण्याआधी घ्या, जहाजावर दर सहसा जास्त असतो.

बुकिंग करताना अनामत भरायची असते आणि उरलेली रक्कम सफरीच्या साधारण ६० ते १२० दिवस आधी. या दोन तारखांच्या मधला काळ तुमच्या हातातला असतो. भाडं उतरलं तर एजंटला किंवा कंपनीला फोन करून नवा दर मागा, अनेकदा मिळतो, किंवा तेवढ्याच पैशांत वरच्या प्रकारची केबिन मिळते. अंतिम रक्कम भरल्यावर हे दार जवळपास बंद होतं आणि रद्द करण्याचा दंडही पायरीपायरीने वाढत जातो. अनामत परत मिळणारी आहे की नाही हे आधी विचारा, कारण सगळ्यात कमी भाडं बहुधा परत न मिळणाऱ्या अनामतीवरच दिलेलं असतं. जानेवारी ते मार्चमध्ये कंपन्या सर्वाधिक सवलती काढतात. शेवटच्या क्षणी स्वस्त केबिन मिळतात खऱ्या, पण तोवर विमान महाग झालेलं असतं आणि व्हिसाला वेळ उरलेला नसतो.

विम्यात कंजुषी करू नका. जहाजावरचा दवाखाना साधारणपणे विमा थेट स्वीकारत नाही, बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर पडतं आणि भरपाई नंतर मागायची. गंभीर आजारात रुग्णाला किनाऱ्यावर किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च फार मोठा असतो. पॉलिसीत तो भाग, म्हणजे वैद्यकीय स्थलांतर, वेगळा लिहिलेला असायला हवा.

कागदपत्रं

पासपोर्ट सहल संपल्यावर निदान सहा महिने चालणारा हवा आणि बुकिंगमधलं नाव त्यातल्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. व्हिसा मार्गावरच्या प्रत्येक देशाचा बघायचा, जहाजावरून उतरणार नसलात तरी, कारण योग्य व्हिसा नसेल तर चढूच देत नाहीत. सगळ्यात जास्त चूक होते ती शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसात. जहाज बार्सिलोनाहून निघून ट्युनिसला जाऊन इटलीत परत आलं तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो, एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो. अलास्काच्या सफरीही व्हँकुव्हरहून निघतात किंवा व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणून अमेरिकेबरोबर कॅनडाचे नियमही बघावे लागतात.

सफरीदरम्यान गरोदरपणाचा २४वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या प्रवास नाकारतात. बाळ साधारणपणे सहा महिन्यांचं असावं लागतं, महासागर ओलांडणाऱ्या सफरीवर वर्षाचं. डायपर घालणाऱ्या मुलांना मुख्य तलावात उतरू देत नाहीत, मग तो पोहण्याचा खास डायपर का असेना.

निघण्याचा दिवस

सुटण्याच्या शहरात आदल्या दिवशी पोहोचा. विमान चार तास उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. प्रवाशांची अंतिम यादी सरकारी यंत्रणांना आधी पाठवावी लागते, म्हणून नोंदणी सुटण्याच्या तासभर ते दीड तास आधी बंद होते आणि त्यानंतर धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसालाही घेता येत नाही.

ऑनलाइन चेक-इन ज्या दिवशी उघडतं त्याच दिवशी करा, म्हणजे चढण्याची लवकरची वेळ मिळते. मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की त्या खोलीपर्यंत यायला संध्याकाळही होते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक बदली जोड हातातल्या पिशवीतच. इस्त्री, केटल, मेणबत्ती आणि सर्ज प्रोटेक्टरची पट्टी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) तपासणीत काढून घेतात. शेवटची वस्तू लोकांना खटकते, पण जहाजाची वीजव्यवस्था घरापेक्षा वेगळी असते आणि त्या पट्टीमुळे आग लागू शकते. खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार-पाच हुक नेले की टोप्या, ओले कपडे, पिशव्या सगळं टांगता येतं.

चढल्यावर सगळे बुफेकडे धावतात. पहिल्या तासात नाटकांची आणि जेवणाच्या वेळांची आरक्षणं उरका. आहार शाकाहारी असेल किंवा काही वर्ज्य असेल तर ते बुकिंगच्या वेळी नोंदवा आणि पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला भेटा. दुसऱ्या दिवशीचं जेवण तो आदल्या रात्री विचारून घेतो, आणि ऐनवेळी सांगितलेल्यापेक्षा ते कितीतरी चांगलं बनतं.

सुरक्षेची कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया दुर्घटनेत ३२ माणसं गेली, आणि त्या जहाजावर नव्याने चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा, आणि आपलं जमण्याचं ठिकाण, या दोन गोष्टी घरातल्या मुलांनाही पाठ असाव्यात. खोलीपासून त्या ठिकाणापर्यंत एकदा जिन्याने चालून बघा.

समुद्र लागणे आणि पोट बिघडणे

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर फारशी उपयोगी पडत नाही, निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन ही नेहमीची औषधं. झोप येते, म्हणून कोणतं चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा. त्रास व्हायला लागला तर खोलीत पडून फोन बघू नका. उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, सफरचंद, आलं चालतं.

नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबाच्या विषाणूवर हाताला लावायचं जेल फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. बुफेतला चमचा शेकडो हातांतून जातो, म्हणून ताट वाढून झाल्यावर आणि खायच्या आधी पुन्हा हात धुवावेत.

बंदरात

फोन जहाज सुटतानाच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावर जहाजाचं स्वतःचं मोबाइल जाळं असतं, फोन आपोआप त्याला जोडला जातो आणि घरच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. आणखी एक धोका: बंदरात फोन स्थानिक वेळ दाखवतो, जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. जहाजाच्या वेळेवर लावलेलं साधं मनगटी घड्याळ बरोबर असावं.

लांबची जागा असेल तर जहाजामार्फत घेतलेली फेरी महाग असली तरी घ्यावी, कारण त्यांचीच बस अडकली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची जबाबदारी ते घेतात. शहर धक्क्याजवळच असेल तर स्वतः फिरा. जहाजावरच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज सुटलंच तर पहिला फोन त्याला.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा उतरण्याच्या गटाच्या रंगाची चिठ्ठी लावून रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात. दर वेळी कुणीतरी सकाळचे कपडे किंवा बूट त्यातच भरून टाकतं. सकाळी लागणारं सगळं आधी बाहेर काढा, मगच बॅग बंद करा. परतीचं विमान दुपारच्या आधीचं घेऊ नका. फारच घाई असेल तर सगळं सामान स्वतः उचलून पहिल्या गटात उतरता येतं.

खोलीच्या खात्याचं बिल शेवटच्या संध्याकाळी ॲपवर किंवा टीव्हीवर तपासा, सकाळी काउंटरवर लांब रांग असते. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, कारण डेबिट कार्डावर रोखून धरलेली रक्कम उतरल्यावरही काही दिवस अडकून राहते. तुमच्याच चलनात रक्कम हवी का असं विचारलं तर नाही म्हणा, जहाजाच्या चलनात भरलेलं सहसा स्वस्त पडतं. आणि बॅगेवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ती गाडीत टाकू नका, धक्क्यावर त्या रंगाच्या रांगेत तशाच काळ्या बॅगा आणखी वीस असतात.